आपल्या माघारी बोलणारा कागद : मृत्युपत्र, मिळकत आणि वकील

(हिंगोली येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न जोडले आहेत.)



तत्त्वज्ञानाच्या मास्तराने मृत्युपत्रावर बोलावे, हे वाचून तुमच्यातल्या काहींना नवल वाटले असेल. खरे आहे. आम्ही वर्गात तीस वर्षे मृत्यू शिकवला, पत्र कधी शिकवले नाही. आणि आम्ही वकीलही नाही. तेव्हा आज इथे जे सांगणार आहोत, ते एका अशिलाचे सांगणे समजा. वकिलाकडे जाऊन आलेल्या, थोड्या उशिराच गेलेल्या अशिलाचे.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यावरच उभे आहे.

आमचे वडील १९८७ साली गेले. कळमनुरी तालुक्यात कोरडवाहू वावर, एक विहीर, गावात माळवदाचे घर. मृत्युपत्र नव्हते. आम्ही दोघे भाऊ आणि एक थोरली बहीण. वारसाची नोंद करायची वेळ आली तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी सांगितले, बहिणीचे नाव आत्ताच कमी करून घ्या, पुढे कटकट नको. बाँड लिहिणाऱ्याकडे गेलो, त्याने तासाभरात हक्कसोडपत्र तयार केले. ताई माहेरी आलेलीच होती. तिने सही केली. घरी पुरणपोळी झाली, तिला साडीचोळी केली, ती सासरी गेली. त्या कागदात काय लिहिले आहे, हे तिला कुणी वाचून दाखवले नाही. आम्हीही नाही.

पुढे सत्तरी गाठली, तेव्हा आपले मृत्युपत्र करावे म्हणून आम्ही एका वकिलांकडे गेलो. वयाने आमच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे. त्यांनी जुने कागद मागितले, सावकाश वाचले आणि विचारले, “सर, या हक्कसोडपत्रावर तुमच्या ताईंची सही आहे. सही करताना त्यांना माहीत होतं का, काय सोडतोय ते?”

कांटचे नीतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

मेल्यावर मालकी उरते का?

थोडे तत्त्वज्ञान ऐकून घ्या, फार नाही. माणूस गेला की त्याची मालकीही गेली. मग त्याची इच्छा वस्तूंवर कशी चालते? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीवर विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती चालुक्यांच्या कल्याणी नगरीत, सहावा विक्रमादित्य राज्य करीत असताना. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. आपल्यापासून फार लांब नाही, आणि निजामाच्या राजवटीत आपण एकाच राज्यात होतो. विज्ञानेश्वर म्हणतो, मुलाचा वडिलार्जित मिळकतीत हक्क जन्मानेच तयार होतो. याला जन्मस्वत्ववाद म्हणतात. बंगालमधला जीमूतवाहन म्हणतो, नाही, बापाची मालकी संपल्यावरच मुलाची सुरू होते. हा उपरमस्वत्ववाद.

ही पंडितांची चर्चा वाटेल, पण तिचा परिणाम आजही तुमच्या सातबाऱ्यावर आहे. जन्माने हक्क मिळतो असे मानले, की ‘वावर माझ्या नावावर आहे, मी कुणालाही देईन’ हे वाक्य अर्धेच खरे उरते. जुन्या धर्मशास्त्रात आजच्यासारखे मृत्युपत्र नव्हतेच. ते इंग्रजी अमलात रुजले. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी पहिला स्वतंत्र कायदा १८७० चा, आणि आज लागू आहे तो १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा.

मृत्युपत्र म्हणजे काय, तर बोलणारा हजर नसताना बोलणारा कागद. वर्गात विद्यार्थ्याला कळले नाही तर आम्ही पुन्हा समजावतो. कोर्टात मृत्युपत्राचे वाक्य कळले नाही, तर समजावायला कुणी येत नाही. म्हणून ते वाक्य आधीच कुणीतरी उलटसुलट तपासलेले बरे. वकील हवा तो यासाठी.

लोकमान्यांचे उदाहरण

पुण्याचे एक सरदार, वासुदेव हरिहर पंडित. लोक त्यांना बाबा महाराज म्हणत. लोकमान्य टिळकांचे स्नेही. ऑगस्ट १८९७ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी मृत्युपत्र केले आणि टिळकांना विश्वस्तांमध्ये घेतले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. टिळकांवर त्या वेळी राजद्रोहाचा खटला चालू होता, तरी मित्राची शेवटची इच्छा म्हणून त्यांनी जबाबदारी घेतली. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या सल्ल्याने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला.

दत्तकविधान जून १९०१ मध्ये झाले, तेही आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. मग कज्जे सुरू झाले. खोटी साक्ष दिल्याच्या आरोपावरून खालच्या कोर्टाने खुद्द टिळकांना शिक्षा ठोठावली. १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी वाद मात्र थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने संपला. मृत्युपत्रापासून निकालापर्यंत जवळजवळ अठरा वर्षे.

विचार करा. विश्वस्त कोण, तर स्वतः कायद्याचे पदवीधर, कायद्याचे वर्ग चालवलेले टिळक! त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी हे झाले. शेवटच्या घटकेला लिहिलेला कागद, आणि सगळ्यात नाजूक निर्णय, म्हणजे दत्तक कुणाला घ्यायचे, तो पुढच्यांवर सोडलेला. आपल्याकडे अठरा वर्षे लढायला ना टिळक आहेत, ना प्रिव्ही कौन्सिल. आपली पोरे वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या कोर्टात तारखा घेत बसतील.

‘माझे’ म्हणजे नेमके किती?

वकील पहिले काम करतो ते लिहिण्याचे नाही, विचारण्याचे. तुम्ही देताय ते तुमचे आहे का?

स्वकष्टार्जित मिळकत, म्हणजे पगारातून घेतलेला प्लॉट, स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन, ही तुम्ही मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकता. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र तुमचा हिस्सा तेवढाच तुमचा. तो हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम ३० तसे म्हणते. पण सगळे वावर आपलेच समजून लिहिले, तर तो कागद तेवढ्यापुरता पांगळा पडतो.

आणि त्या हिस्स्याच्या गणितात आता मुली आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा बदलून तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितले, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असोत वा नसोत. म्हणजे विज्ञानेश्वराचा जन्मस्वत्ववाद शेवटी मुलीपर्यंत पोचला. याच निकालात दुसरी गोष्ट आहे, ती आपल्या गावांना फार लागू पडते. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली’ असे नुसते म्हणून आता भागत नाही. सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार दाखवावा लागतो.

मराठवाड्याच्या जमिनीला आणखी एक वळसा आहे. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. आपल्याकडे जुन्या जमिनीची मुळे शोधायची, तर १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत जावे लागते. इनामाचा मुंतखब असेल तर त्याही मागे. कुळाची जमीन असेल तर १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा येतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असे लिहिले असेल, तर परवानगीशिवाय ती जमीन विकता किंवा बक्षीस देता येत नाही. देवस्थान इनामाची गोष्ट तर आणखी निराळी. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ पासून आपल्याकडे जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. चार मुलांना पंधरा-पंधरा गुंठे कोरडवाहू लिहून दिले, तर प्रेमाने केलेल्या वाटपाची नोंदच अडते.

मग विहीर. विहीर कुणाच्या तुकड्यात येते? पाण्याची पाळी कशी? मोटारीचे कनेक्शन कुणाच्या नावावर? मागच्या तुकड्यात जायला बांधावरून वाट आहे का? सोसायटीच्या कर्जाचा बोजा कुणी फेडायचा? आमच्या वकिलांनी हे सगळे विचारले. भावाभावांची भांडणे एकरावरून जेवढी होत नाहीत, तेवढी विहिरीवरून आणि वाटेवरून होतात. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

मृत्युपत्र कसे टिकते

कायद्याची अट साधी आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ते करताना त्याला पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझीच’ असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर आपल्या सह्या कराव्यात. ठरावीक नमुना नाही. बाँड लागत नाही, साध्या कागदावर चालते. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणीची सक्ती नाही. प्रोबेटची सक्तीही मुंबईसारख्या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांपुरती होती, आपल्या भागात ती नव्हती.

मग लोक विचारतात, इतके सोपे आहे तर वकील कशाला? कारण लिहिणे सोपे आहे, शाबीत करणे अवघड आहे. वाद झाला तर दोनपैकी निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावे लागते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ६७ आता हेच सांगते, आणि १८७२ च्या कायद्यातही हेच होते. आपण काय करतो? आपल्याच वयाचे दोन मित्र साक्षीदार घेतो. आपण जायच्या आधीच ते गेलेले असतात!

या विषयावरचा पायाभूत निकाल लिहिला एका मराठी न्यायमूर्तींनी. साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर, जे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. १९५८ मधल्या व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात त्यांनी म्हटले की इतर दस्तऐवजांपेक्षा मृत्युपत्र वेगळे आहे, कारण ते करणारा ‘हे माझे आहे’ असे सांगायला येऊ शकत नाही. म्हणून संशयास्पद परिस्थिती असेल, तर मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याने तो संशय आधी दूर केला पाहिजे. संशयास्पद म्हणजे काय? ज्याला सगळे मिळते, त्यानेच कागद लिहवून घेतलेला. सही थरथरती आणि माणूस दवाखान्यात. बायको किंवा मुलगी पूर्ण वगळलेली आणि त्याचे कारण एका शब्दाने दिलेले नाही.

चांगला वकील या गोष्टी आधीच बंद करतो. लाभ मिळणाऱ्याला खोलीबाहेर बसवतो. साक्षीदार वयाने लहान आणि हिश्शाशी संबंध नसलेले निवडतो. वय झालेले असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घेतो. मजकूर आपल्याला कळेल अशा मराठीत लिहून वाचून दाखवतो. कुणाला कमी दिले असेल तर का दिले, याच्या दोन ओळी घालायला सांगतो. व्यवस्थापक, म्हणजे आपल्यामागे अंमलबजावणी करणारा, नेमायला लावतो. आणि ‘राहिलेले सर्व’ कुणाला जाईल, हे वाक्य विसरू देत नाही.

नोंदणी सक्तीची नसली तरी करावी, असे आमचे मत आहे. खर्च किरकोळ असतो. पण नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र आपोआप खरे ठरले, असे नाही. साक्षीदार तरीही लागतो. आणि ते बदलताही येते, जिवंत असेपर्यंत कितीही वेळा. शेवटचे ते खरे.

जिवंतपणी देणे : बक्षीसपत्र आणि हक्कसोड

आता एक धोक्याची जागा. पुष्कळ आईवडील म्हणतात, मृत्युपत्राची भानगड नको, आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू. बक्षीसपत्र. पती-पत्नी, मुले, नातवंडे आणि दिवंगत मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये ठेवले आहे. बाकी काय लागते ते वकिलाला विचारा. स्वस्त आहे म्हणून लोक करतात. पण मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत फरक आहे. मृत्युपत्र तुम्ही फाडू शकता. बक्षीसपत्र नोंदले, मुलाने स्वीकारले, की तुम्ही मालक उरला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच घरात त्याच्या मर्जीने राहता.

यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याचे कलम २३ म्हणते, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करता येतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की तशी अट होती हे दिसले पाहिजे. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कायद्याकडे म्हाताऱ्यांच्या बाजूने, उदारपणे पाहिले. तरी नशिबावर कशाला सोडायचे? ‘आमचा तहहयात सांभाळ, औषधपाणी आणि या घरात राहण्याचा हक्क’ ही एक ओळ दस्तात घालून घ्या. ती ओळ घालणारा आणि न घालणारा, यांच्यातच दस्तलेखक आणि वकील यांच्यातला फरक बहुतेक वेळा दिसतो.

हक्कसोडपत्राचेही तसेच. बहिणीने सोडला हक्क की परत येत नाही. तेव्हा तिला आधी सांगा, तिचा किती आहे. शक्य असेल तर तिला तिचा स्वतंत्र वकील पाहू द्या. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. तिथेही बहिणींना विचारावेच लागते.

आणि ‘नोटरी केली’ म्हणजे झाले, या भ्रमात राहू नका. जमिनीची खरेदी, बक्षीस, हक्कसोड यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदणीच लागते. नोटरीच्या शिक्क्याने जमीन हलत नाही.

नॉमिनी हा मालक नव्हे

हे पटकन सांगतो. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे वाटप झाले, असे अनेकांना वाटते. ‘कालनिर्णय’ आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर असते. त्याचे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितले, शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही. बँकेच्या ठेवींचेही तत्त्व तेच. नॉमिनी पैसे हातात घेतो, ते पोचवायचे असतात वारसांना. म्हणून मृत्युपत्र आणि नॉमिनेशन एकमेकांशी जुळवून घ्या. नाहीतर थोरला म्हणेल बँकेत माझे नाव आहे, धाकटा म्हणेल कागदात माझे आहे.

माणूस गेल्यानंतर

मूळ मृत्युपत्र कुठे ठेवले आहे, हे निदान दोन माणसांना माहीत असावे. सीलबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडेही ठेवता येते. जमिनीचा हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, कळवायचे असते. मग फेरफार पडतो, नोटिसा निघतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. पण लक्षात ठेवा, फेरफार आणि सातबारा हे महसुलाचे दप्तर आहे. नाव लागले म्हणून मालकी सिद्ध झाली, असे नाही, आणि नाव लागले नाही म्हणून मालकी गेली, असेही नाही. घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठही तसाच. मालकीचा वाद मिटतो तो दिवाणी न्यायालयात.

वकील कसा निवडावा

जो तुमचे ऐकण्याआधी मसुदा काढतो, त्याच्याकडून उठून या. जो फक्त तुमच्या मुलाशी बोलतो, त्याच्याकडूनही. वकिलाकडे बार कौन्सिलची सनद असते. नियमाप्रमाणे त्याला स्वतःची जाहिरात करता येत नाही, तेव्हा मोठी पाटी हा काही निकष नाही. दिवाणी आणि महसुली कामे करणारा पाहा. तुम्ही सांगितलेले गुपित ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून त्याला सगळे सांगा. दुसरा संसार असेल तर तोही सांगा, उसनवारी असेल तर तीही. डॉक्टरपासून दुखणे लपवतो तसे इथे करू नका.

जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, खरेदीखते, ठेवींच्या पावत्या, कर्जाची यादी आणि वंशावळ न्या. वंशावळीत गेलेल्या बहिणी आणि त्यांची मुलेही लिहा. आपल्याकडे वंशावळ काढताना मुलींचे नाव गळते. कोर्टात ते गळत नाही.

ज्यांना फी परवडत नाही, त्यांच्यासाठी १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत विधी सेवा आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि दिव्यांगांना तर उत्पन्न किती आहे हे न पाहता. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

ताईकडे

आता राहिलेली गोष्ट. वकिलांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही वसमतला ताईच्या घरी गेलो. तिने ऐंशी गाठली होती. हळद शिजवायचे दिवस होते, अंगणात सगळीकडे हळद पसरलेली. आम्ही १९८७ चा कागद काढला आणि तिला पहिल्यांदा वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वावर पाहिजे नव्हतं रे. मागितलं असतं तर मी दिलंच असतं. पण तुम्ही मागितलंच नाही, नुसती सही घेतली.”

कायद्याने तो कागद बिनचूक होता. वकिलांनीही सांगितले, आता काही करायची सक्ती नाही. आम्ही विचारले, करायचे असेल तर? त्यांनी सांगितले, ताईंचे वय पाहता मृत्युपत्रात लिहून उपयोग नाही, आत्ताच द्या. जमीन वडिलोपार्जित, म्हणून मुलाची आणि मुलीची संमती घेतली. ताईच्या नावावर सासरची शेती होती, म्हणून ती शेतकरी असण्याचा प्रश्न सुटला. तुकडा एक एकराचा, म्हणजे तुकडेबंदीत बसणारा. बहिणीला ती २०० रुपयांची सवलत नाही, ते शुल्क आम्ही भरले. विहिरीवरची पाळी दस्तात लिहिली. सही आधी मजकूर वाचून दाखवून झाली.

ताई आता नाही. तो एकर तिच्या मुलीकडे आहे.

वकील काय करतो, असे कुणी विचारले तर आम्ही हेच सांगतो. खोलीत जो माणूस हजर नाही, त्याच्या वतीने तो एक प्रश्न विचारतो. कधी ती बहीण असते, कधी अजून न जन्मलेले नातवंड, कधी वीस वर्षांनंतर त्या कागदापुढे बसलेला न्यायाधीश. तो प्रश्न जिवंतपणी ऐकून घ्या. इथे थांबतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आमच्या मुस्लिम समाजात मृत्युपत्र चालतं का?*

चालते, त्याला वसीयत म्हणतात. पण इतर वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच द्यायचे असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. १९२५ च्या कायद्याची साक्षीदारांची अट त्यांना लागू नाही, तरी साक्षीदार घेऊन लेखी केलेले केव्हाही चांगले. बौद्ध, जैन आणि शीख बांधवांना मात्र हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो.

*मी शिक्षिका होते. घर माझ्या पगारातून घेतलं. मिस्टर नाहीत, मूल नाही. मृत्युपत्र केलं नाही तर घर कुणाला जाईल?*

बाई, तुम्ही उद्याच वकिलाकडे जा. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूल आणि पती नसेल, तर स्त्रीची स्वकष्टाची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे तुम्हाला सांभाळणारी भाची असेल, तर कागदाशिवाय तिला तुमचे घर मिळणार नाही. एका कागदाने मिळेल.

*वकील किती फी घेतात?*

ठरलेला दर नाही. आधी विचारा, किती कामाचे किती, ते लिहून घ्या, पावती मागा. खटल्याच्या निकालावर हिस्सा मागणे वकिलाला नियमाने मना आहे. आणि खरे सांगू? एका खरेदीखताच्या जेवणावळीला जेवढा खर्च होतो, त्याच्या आसपासच असते ते.